बाईंच्या सायकलला दोन मोटरी

बाईंनी मला खोली भाड्यानं देण्याआधी चालून दाखवायला सांगितलं होतं.

मी जळगावकडचा. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या एका तंत्रनिकेतनात विद्युत विभागात शिकवायला लागलो आणि शिवाजी पेठेत खोली शोधत फिरत होतो. चहाच्या टपरीवर कोणीतरी सांगितलं, पलीकडच्या गल्लीत मुलींच्या शाळेतल्या पी.टी.च्या बाई राहतात, एकट्याच आहेत, खालचा मजला रिकामा आहे. गेलो. पन्नाशीला टेकलेल्या, काटक अंगाच्या बाई अंगणात उभ्या होत्या. पंजाबी ड्रेस, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. नोकरी, गाव, लग्न, खाणंपिणं, ह्या सगळ्याची उत्तरं मी मनात जुळवत होतो. त्यांनी ह्यातलं काहीच विचारलं नाही.

"पावणं, ह्या भितीपास्नं त्या नळापर्यंत चाला बगू."

मी चाललो.

"परत या."

परत आलो.

"डावा खांदा पडतोय तुमचा. पिशवी कायम त्याच हातात धरतासा. पर पाय सरळ टाकतासा. ऱ्हावा."

मी राहिलो. लग्न झालं, मुलगी झाली, शाळेत जायला लागली, तरी मी तिथंच राहत होतो आणि बाईंच्या लेखी 'पावणं'च होतो.

माणसाची पारख त्याच्या चालण्यावरून करायची, ह्यावर त्यांचा भलता विश्वास. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी घर बघायला आली. बाई वरच्या गॅलरीतून खाली बघत होत्या. मंडळी गेल्यावर मी विचारलं, कशी वाटली मुलगी. म्हणाल्या, "टाचा घासत न्हाय. करा." पुढे कधी आमचं नवराबायकोचं वाजलं की बायको म्हणायची, "मला काय बोलता, माझी परीक्षा बाईंनी घेतलीय."

सुरुवातीला मला त्यांच्या बोलण्याचाही घोटाळा व्हायचा. "मी बाजारात गेलतो," "मी आत्ताच आलो," असं त्या म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलताहेत. मग कळलं की स्वतःबद्दल असं पुरुषी बोलायची इथल्या पुष्कळ बायकांची तऱ्हाच ती. महिन्याभरानं मीही ऐकायला सरावलो.

शिट्टी घरातही चालायची. एक लांब वाजली की नळाला पाणी आलं. दोन आखूड म्हणजे वरच्या फोनवर तुमच्यासाठी कोणीतरी आहे. तीन वाजल्या की हातातलं टाकून यायचं. एकदा मी अंघोळीला बसलो असताना तीन वाजल्या. पंचा गुंडाळून वर धावलो, तर बाई गॅलरीत उभ्या. "ते बगा," म्हणाल्या. गल्लीतून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत चालले होते. "ऐंशीच्या फुडं गेल्यात. मान बगा कशी ताठ हाय." एवढंच दाखवायचं होतं.

त्यांच्या घरात बसायला खुर्ची नव्हती. म्हणजे एक होती, पण तिच्यावर फुटबॉल ठेवलेले असत. पेठेत फुटबॉलचं वेड किती आहे हे मी सांगायला नको. ज्या दिवशी दोन तालमींच्या संघांचा सामना असेल त्या दिवशी गल्लीतली भावंडंही एकमेकांशी बोलत नाहीत. बाई मात्र कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या. सामन्यानंतर पोरं भांडत त्यांच्या अंगणात यायची, गोल होता की नव्हता ते विचारायला. बाई मध्ये उभ्या राहून दोन्हीकडचं ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या. आलेल्या कोणालाच बसा म्हणत नसत. "बसलं की बोलणं लांबतं," हे त्यांचं कारण. कोणी "बघू" म्हणालं तर त्याला तिथंच अडवायच्या. "बगू म्हंजे काय? करनार का न्हाय ते सांगा."

आणि सायकल. दांडीची, पुरुषांची, काळी. पहाटे अंधार असतानाच त्या निघायच्या, रंकाळ्याच्या पलीकडे एका मैदानावर. तिथं त्या मुलींना पळायला शिकवत. आपल्या शाळेतल्या, दुसऱ्यांच्या शाळेतल्या, शाळा सोडलेल्या, ज्या येतील त्या. निवृत्त झाल्यावरही ते थांबलं नाही. येताना गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध उभ्या उभ्या पिऊन यायच्या. आणि दर थंडीत एकदा त्या मुलींना घेऊन सायकलवरून पन्हाळ्याला जायच्या. पुढं बाई, मागं मुलींची रांग. घाटात एखादी मुलगी रडकुंडीला आली की पुढून आवाज यायचा, "दम खा. पर उतरू नगंस." संध्याकाळी त्या परत आल्या की सगळी गल्ली दारात उभी असायची.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत त्यांच्या उजव्या गुडघ्यानं दगा दिला.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. मीच बरोबर गेलो होतो. गुडघ्यातली गादी झिजली होती. डॉक्टर म्हणाले, पाय फिरता राहू दे, पण त्याच्यावर जोर नको. सायकलला रेटा द्यायचा नाही, जिना कमी, चढ तर अजिबातच नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "रेटा न देता सायकल कशी चालती हो, पावणं?"

चार दिवस त्या रिक्षानं मैदानावर गेल्या. मग तेही सोडलं. "रिक्षात बसून गेलं म्हंजे मी सामान झालो," म्हणाल्या. "सामान काय शिकवनार पोरींना?"

मुली घरी येऊन जायच्या. बाई त्यांना अंगणात पळवून बघायच्या, पण अंगण ते केवढं. हळूहळू मुली यायच्या कमी झाल्या. नळाला पाणी आलं तर वरून नुसती हाक यायची. एका संध्याकाळी मी कामावरून आलो आणि बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

त्यांचा पुतण्या पुण्यात एका कंपनीत होता. लहानपणी आई गेल्यावर तो ह्याच घरात वाढला होता, त्यामुळं आत्यावर त्याचा फार जीव. तो दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. पुण्याच्या घरात तळमजल्यावर एक खोली त्यानं त्यांच्यासाठी तयार केली होती. "आत्या, जिना नाही, चढ नाही, बाग आहे जवळ. चल माझ्याबरोबर." बाई म्हणाल्या, "बगू."

ते ऐकून पुतण्या आनंदला. मी मात्र घाबरलो. बाई 'बगू' म्हणाल्या होत्या.

त्या सुमाराला बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या शहरात नुकत्या दिसायला लागल्या होत्या. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मी त्यांच्याबद्दल काहीबाही वाचत असे. एक दिवस धीर करून बाईंना म्हणालो, "तुमच्या सायकलला मोटर बसवता येईल."

त्या पायरीवरून उठल्या. "सांगा."

"मोटर बसवायच्या दोन जागा आहेत. एक चाकातच, मधोमध, जिथं चाकाच्या सगळ्या तारा येऊन मिळतात तिथं. ती चाकच फिरवते. तुम्ही पायडल मारा नाहीतर मारू नका, तिचा आणि चेनचा काही संबंध नाही. दुसरी पायडलपाशी. ती चेन ओढते, तुमच्या पायाबरोबर."

"चढाला कुटली बरी?"

"पायडलपाशी असलेली. तिला सायकलचे गियर वापरता येतात. हलका गियर टाकला की मोटर आपली भरभर फिरत राहते आणि चाक सावकाश चढतं. चाकातल्या मोटरीला गियर नाही. चाक सावकाश फिरलं की तिलाही सावकाश फिरावं लागतं, आणि सावकाश फिरून जोर लावणं मोटरीला मानवत नाही. तापते."

"मग पायडलपाशीच बसवू या."

"पण तिचा सगळा जोर चेनवर येतो. तुमच्या पायाचा आणि तिचा, दोन्ही. चेन झिजते, कधी तुटते. चाकातल्या मोटरीत ती भानगड नाही. चेन तुटली तरी ती घरी आणून सोडते."

"म्हंजे घ्यायची कुटली?"

"ते रस्त्यावर अवलंबून आहे," मी म्हणालो. "म्हणजे असं बघा, बाई..."

बाईंनी शिट्टी मारली. अगदी माझ्या तोंडासमोर.

"मास्तर लोकांची ही खोडच हाय," म्हणाल्या. "पळाय लागलेल्या पोरीनं विचारलं, बाई, डावीकडं वळू का उजवीकडं, आनि मी म्हटलं, ते वाऱ्यावर अवलंबून हाय, तर ती पोरगी कुटं जाईल? दोन्ही आना. परीक्षा घेऊ."

पुतण्याला फोन झाला. त्याला कल्पना आवडली, पण त्याचं मत ठाम होतं. चाकातली मोटर. आत्यानं पाय हलवूच नये. त्यानं कुठून तरी खटपट करून परदेशी बनावटीचं, मोटर आत असलेलं मागचं चाक आणि बॅटऱ्यांचा संच पाठवला. चाक इतकं जड होतं की मी आणि रिक्षावाला दोघांनी मिळून ते उतरवलं.

दुसऱ्या मोटरीसाठी बाई शमीमकडे गेल्या. शमीम त्यांची जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना ती चारशे मीटर पळायची, आणि चाळिशीला आली तरी बाई तिची ओळख "ही माझी चारशे मीटर" अशीच करून द्यायच्या. उद्यमनगरात तिचं आणि तिच्या नवऱ्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरायची, हे काम. नवरा गिऱ्हाईक बघायचा आणि तार भरायला शमीम बसायची. बाईंचं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "करतो, बाई." भंगारातल्या कुठल्याशा मोटारगाडीच्या पंख्याची मोटर तिनं आणली, तिच्यात नवी तार भरली, आणि गियर असलेल्या एका सायकलला पायडलपाशी लोखंडी पट्ट्यांत ती बसवून दिली. दिसायला ओबडधोबड, पण बटण दाबलं की पायडल आपणहून फिरायला लागायचं. बाईंनी त्या सायकलकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं पुतण्याच्या चाकाकडे पाहिलं नव्हतं.

परीक्षा पन्हाळ्याच्या रस्त्यावर ठरली. का, असं कोणी विचारलं नाही. बाईंच्या मनात रस्ता म्हटलं की पन्हाळाच यायचा.

पहिल्या रविवारी चाकातली मोटर. बाई त्यांच्या काळ्या सायकलवर, मागं स्कूटरवर मी आणि पुतण्या. शिवाजी पुलावरून पंचगंगा ओलांडली आणि सपाट रस्ता लागला. सायकल काय सुंदर चालली. आवाज नाही, धक्का नाही. उसाच्या शेतांमधून बाई नुसत्या बसून चालल्या होत्या आणि पुतण्याचा चेहरा फुलून आला होता. केर्ली मागं पडलं. वाघबीळच्या अलीकडे चढ सुरू झाला तशी सायकल मंदावली. आणखी थोड्या वेळानं चालत्या माणसाच्या वेगावर आली. मला जळकट वास आला. मी पुढं जाऊन बाईंना थांबवलं आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवला, तो चटकन काढून घ्यावा लागला.

"आता थंड होईपर्यंत थांबायला हवं," मी म्हणालो.

बाईंनी वर घाटाकडे पाहिलं. "नापास," म्हणाल्या, आणि सायकल वळवून उताराला लावली.

दुसऱ्या रविवारी शमीमची मोटर. ह्या वेळी माझ्या मागं शमीम होती, आणि स्कूटरच्या पायाशी बॅटऱ्यांचा दुसरा जोड. सपाटीवर ती सायकल घरघर वाजत होती, गियर बदलताना खाडकन आवाज यायचा, पण चढ लागला आणि तिनं आपला गुण दाखवला. हलक्या गियरवर, बैल चालावा तशी, एका लयीत ती वर निघाली. बाईंचे पाय नुसते फिरत होते. एकेका वळणाला शमीम माझ्या खांद्यावरचा हात घट्ट करायची. वाघबीळ गेलं, वरची वळणं गेली, आणि नाक्यापाशी बाई उतरल्या. गडावरचा गार वारा होता. त्यांनी शमीमचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि उलटसुलट करून पाहिले, जसे त्या मुलींचे पाय बघायच्या. शमीम रडायला लागली. मग आम्ही झुणका-भाकरी खाल्ली.

त्या दिवशी निकाल लागला असं सगळ्यांनी धरलं. पुतण्याचं चाक माझ्या खोलीच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलं गेलं आणि बाई शमीमच्या सायकलवरून पहाटे मैदानावर जायला लागल्या. मुली परत आल्या. पाणी आलं की शिट्टी वाजू लागली.

पण ती सायकल रोजच्या जगण्याची नव्हती. सिग्नलला थांबलं की निघण्याआधी गियर हलका करून घ्यावा लागे. बाईंना एक वेग ठाऊक, तो म्हणजे पुढं. त्या विसरायच्या, बटण दाबायच्या, चेन किंचाळायची. महाद्वार रस्त्यावर भर गर्दीत चेन उतरली. मग एकदा बिंदू चौकात तुटली. दर वेळी शमीम यायची, चेन बदलून द्यायची, पट्ट्या आवळायची, आणि जाताना माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी जायची. बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "नवीन हाय. सवय हुईल तिला."

एका सकाळी ऊन अंगणात उतरलं तरी बाई आल्या नाहीत. मी स्कूटर काढली. मैदानावर मुली घोळका करून उभ्या होत्या, बाई आल्याच नव्हत्या. मी रंकाळ्याच्या कडेनं दोनदा फिरलो. कोणाला विचारावं तर पहाटे कोणी बघितलेलं नाही. पुतण्याला फोन करायचा का, आणि केला तर काय सांगायचं, असं मनात घोळवत मी एका आडगल्लीत शिरलो. तिथं एका बंद दुकानाच्या पायरीवर बाई बसल्या होत्या. एक बूट काढलेला. गुडघा सुजून टम्म झालेला. सायकल भिंतीला टेकलेली, आणि चेन तिच्या हँडलवर लोंबत होती. मोठ्या रस्त्यानं सायकल ढकलत नेली तर ओळखीची माणसं बघतील, म्हणून त्या आडवाटेनं निघाल्या होत्या आणि अर्ध्यात पाय थांबला.

"रिक्षा आणू?" मी विचारलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात ठेवला. "आना."

मी रिक्षा आणली.

पुतण्या त्याच संध्याकाळी पोचला. तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही. बाईंच्या पायाशी जमिनीवर बसून शेकायच्या पिशवीतलं पाणी बदलत म्हणाला, "आत्या, मी तुला ओढून नेणार नाही. पण रोज सकाळी मला ऑफिसात काम सुचत नाही. तू घरी पोचलीस का, हेच डोक्यात. तू सांग मी काय करू."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुतण्या औषध आणायला गेला असताना त्यांनी मला वर बोलावलं. शिट्टीनं नाही, हाक मारून. पाय उशीवर ठेवून पलंगावर बसल्या होत्या.

"पावणं, वर्सातनं मी पन्हाळ्याला किती वेळा जातो?"

"एकदा."

"आनि मैदानावर?"

"रोज."

"मैदानाच्या वाटंला घाट हाय?"

"घाट कसला. सपाटच म्हणायचं."

"मग मी परीक्षा पन्हाळ्यावर का घेतली?"

त्यांनीच पुढं विचारलं.

"रस्त्यावर अवलंबून हाय म्हनालासा तवा कुटल्या रस्त्यावर, ते का सांगितलं न्हाईसा?"

"सांगणार होतो. तुम्ही शिट्टी मारलीत."

बाई हसल्या. कालपासून पहिल्यांदाच हसल्या. "ते बी खरंच हाय," म्हणाल्या. मग खिडकीतून खाली बघत राहिल्या. "चाक बसवायचं तर आज बी बसवतो मी. चेन तुटू दे न्हाय तर काय बी हू दे, घरी तर आनून सोडंल. पर शमीमला कसं सांगू? रातरातभर जागून केलीय तिनं. पोरगी हरली असं वाटंल तिला. पळताना सुदिक ती कदी मला हरलेली बगवली न्हाय."

ज्या बाईंनी शाळेच्या संचालकांना मैदानात गाडी लावल्याबद्दल सर्वांदेखत शिट्टी मारून बाहेर काढलं होतं, त्यांना एका विद्यार्थिनीशी बोलायचा धीर होत नव्हता. दोन-चार दिवस त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढलं. शेवटी शमीमच आली. हातात नवी चेन होती. पुतण्या आणि मी तिथंच होतो.

बाईंनी पलंगावर सरकून तिला जागा केली. बसायला सांगितलं, ह्याचंच शमीमला एवढं नवल वाटलं की ती काठावर टेकली.

"शमीम, तुला एक सांगायचं हाय. वाईट वाटून घेऊ नगंस."

"काय झालं, बाई?"

"मोटर तुझी चांगली हाय. पन्हाळ्याला तीच पास झाली, ते कोनी बदलनार न्हाय. पर रोजच्याला मी ते चाक बसवून घेतो म्हनतोय."

शमीमनं हातातली चेन खाली ठेवली. आधी बाईंकडे पाहिलं, मग पुतण्याकडे, मग माझ्याकडे. आणि तिनं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढून घेतली. बाई घाबरल्या. "अगं, रडू नगंस, ऐक तर."

"रडत न्हाय, बाई." ओढणी बाजूला झाली तर शमीम खरोखरच हसत होती, आणि डोळ्यांत पाणीही होतं. "दोन म्हैनं झालं, मी पहाटंचं उठून बसतो. आता बाई निघाल्या असतील, आता रंकाळ्याला असतील, चेन तुटली तर कुटं पडतील. दुकानातला फोन वाजला की छातीत धडधडतं. नमाज पढताना सुदिक चेनच डोळ्यांम्होरं. नवरा म्हनतो, सांगून टाक, दुसरी मोटर बसवा म्हनावं."

"मग इतकं दिस बोलली का न्हाईस?"

"तुमी माझी मोटर घेऊन पन्हाळा चढलासा. मी कुटल्या तोंडानं सांगू, की बाई, ही नगं?"

मग पुतण्या हसायला लागला, आणि त्याचं बघून मी. तो म्हणाला, "म्हणजे आत्या शमीमताईंना भीत होती, शमीमताई आत्याला, आणि मी दोघींना."

"आनि पावणं?" बाईंनी विचारलं.

"मी सगळ्यांनाच," मी म्हणालो.

बाईंनी शमीमचा हात धरला. "बोलायचं की गं," एवढंच म्हणाल्या. "मला बी कोनीतरी थांब म्हनायला पायजे की." छातीवरून धोंडा उतरावा तसं त्या खोलीत झालं. शमीमनं स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, आणि आम्ही सगळ्यांनी तो बसून प्यायला. पुतण्यानं खुर्चीवरचे फुटबॉल खाली काढून ठेवले होते.

चाक शमीमनंच बसवलं. जड चाक पंक्चर झालं की काढताना हाल होणार, हे तिच्या लगेच लक्षात आलं. म्हणून टायरच्या आत तिनं रबराची जाड पट्टी घातली. आपली मोटर तिनं दुकानात नेली आणि तार गुंडाळायच्या यंत्राला जोडली. हातानं फिरवायचा दांडा सुटला म्हणून ती खूश होती. गुडघ्याची सूज उतरल्यावर बाई पुन्हा मैदानावर जायला लागल्या. पाय हलके फिरवत, मधूनच बटण दाबत. पुतण्या पुण्याला परत गेला. पुढं तो आला की आत्याला पुण्याला नेण्याच्या गोष्टी करत नसे. इकडं तिकडं हिंडायचा, जुन्या मित्रांबरोबर मॅच बघायचा आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं निवांत परत जायचा. आत्यासाठी तयार केलेल्या पुण्याच्या खोलीत त्यानं आपल्या मुलाचं अभ्यासाचं टेबल मांडलं.

मग थंडी आली आणि पन्हाळ्याच्या सहलीचा प्रश्न निघाला. शमीमची मोटर एका दिवसापुरती परत बसवू, असं मी सुचवलं. बाई नको म्हणाल्या. यंदा मुलींच्या पुढं शमीम जाईल, साध्या सायकलवर, आणि आपण एस.टी.नं वर जाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. एस.टी.त बसून जाणं म्हणजे सामान होणं नाही का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

मी स्कूटरनं पुढं निघालो आणि नाक्यापाशी पोचलो तर बाई आधीच आल्या होत्या. कठड्याला टेकून उभ्या होत्या. शेजारी पिशवीत शेंगदाण्याच्या चिक्कीचे पुडे. खाली घाटाची वळणं दिसत होती आणि त्यांवर सायकली मुंग्यांसारख्या वर सरकत होत्या. मला वाटलं, बाईंना वाईट वाटत असेल. म्हणून मी हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"पावणं, इतकी वर्सं मी पोरींना घेऊन हितं आलो," म्हणाल्या. "पर कायम म्होरं असायचो मी. मागनं हूं हूं ऐकायचो नुसतं. वर पोचतानाची त्यांची तोंडं कशी दिसत्यात, ते मी कदी बगितलंच न्हाय."

शेवटच्या वळणावर शमीम दिसली. तिच्या मागं एक मुलगी, उभी राहून पायडल मारणारी, केस कपाळाला चिकटलेले, ओठ दातांखाली धरलेला. नाका दिसताच तिचा ओठ सुटला आणि तोंडभर हसू आलं. बाई कठड्यापासून दोन पावलं पुढं झाल्या, डोळ्यांवर हाताची सावली धरली, आणि मागून येणाऱ्या पुढच्या मुलीकडे बघायला लागल्या.